तळटीप १७ : सवच्या कुंडावर नेलेला अंगठा

१७. सांधा धरला की सावित्रीकाठी, सवच्या गरम कुंडात शेकायला जायची महाड-पोलादपूरकडची जुनी रीत. लेखकाचे आजोबा तेच करतात. पण रातोरात सुजून चादरही न सोसणारा पायाचा अंगठा म्हणजे बहुधा गाउट, युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा विकार. ‘फोटो चांगला आला, म्हणजे काही नाही’ हा पुढे येणारा दिलासा फसवा आहे. पहिली काही वर्षे एक्स-रेत नुसती सूज दिसते. हाडाला पडलेली, पुढे आलेल्या कडेची खोबण फार उशिरा उमटते, आणि तेव्हाही सांध्यातली फट बरीचशी शाबूत असते. सोनोग्राफीत मात्र कूर्चेच्या पृष्ठभागावर स्फटिकांची पांढरी रेघ त्याआधीच सापडू शकते. गाउटसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या विकारातले कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक मात्र कूर्चेच्या आत बसतात. वयस्करांच्या गुडघ्यात गादीतच चुना दिसतो तो त्यांचा. ड्युअल एनर्जी सीटी युरेट, म्हणजे गाउटचे स्फटिक, बहुधा हिरव्या रंगात दाखवतो, पण नखालाही हिरवे रंगवून बसतो. खात्री पटते ती सांध्यातल्या पाण्यावरून : मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले युरेटचे स्फटिक ओळखून दाखवले.