वेगमर्यादा, जव्हार-मोखाड्यातील रस्त्यांवरील

वेगमर्यादा, जव्हार-मोखाड्यातील रस्त्यांवरील : पालघर जिल्ह्यातील या दोन डोंगराळ आदिवासी तालुक्यांत वाहनांच्या वेगावर असलेले कायदेशीर निर्बंध आणि ते ठरवण्याची रीत. रस्ता गावातून जातो, तेव्हा त्यावरचा वेगही गावच ठरवत असेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. कायद्यात तसे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे हा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा आहे. मर्यादा राजपत्रात जाहीर व्हावी लागते आणि रस्त्यावर तसा फलकही लागावा लागतो. निर्बंध महिन्याभरापेक्षा जास्त काळाचा नसेल, तर राजपत्राची गरज नाही. दरड कोसळल्यावर किंवा जत्रेच्या दिवसांत ही सवलत कामी येते.

याच जिल्ह्यातल्या वसई-विरारकडे पोलीस आयुक्तालय असल्याने वाहतुकीचे आदेश आयुक्तालयातून निघतात. जव्हार-मोखाड्यात ते जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी काढतात. १९१८ पासूनची जव्हार नगरपरिषद, मोखाडा नगरपंचायत आणि ग्रामपंचायती यांच्या हाती उरतो तो ठराव. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या ‘पेसा’ कायद्याने इथल्या ग्रामसभेला गौण वनोपजावर हक्क दिला, पण दारातल्या रस्त्यावरचा वेग तिच्या कक्षेत आलेला नाही.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत साध्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि मालवाहू वाहनांना ६० कि.मी. ही कमाल मर्यादा होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द ठरवली. घाटातल्या चालकाला मात्र या आकड्यांचा उपयोग थोडाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार तीव्र चढउताराच्या भागात राष्ट्रीय महामार्गाची वळणे ताशी ४० आणि अगदी अडचणीच्या जागी ३० कि.मी. वेग धरून आखतात. ग्रामीण रस्त्यांसाठी हाच आकडा २५ ते २० वर येतो. त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाटाने मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा पालघरला जाणारा १६०अ क्रमांकाचा महामार्ग अशाच वळणांचा आहे. देशभरासाठीची सरसकट मर्यादा येथे अपुरी पडते. प्रत्येक टप्प्याचा वेगळा विचार व्हायला हवा.

असा विचार करण्याची जागा म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. तिच्यापुढचा निकष असा : रस्त्याच्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जण दगावले, तर तो टप्पा अपघातप्रवण स्थळ, म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’, ठरतो. विरळ वाहतुकीच्या पाड्यांवर अपघात विखुरलेले असतात आणि ही अट सहज भरत नाही. माणसे मरण्याची वाट पाहणारा हा निकष डोंगरी तालुक्यांना गैरलागू आहे, असे म्हणावेसे वाटते.

मग लोक आपला मार्ग काढतात. ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका’ अशी पाटी रंगवली जाते. तिच्यावर आकडा नसतो, त्यामुळे दंडही होत नाही. कायद्याने बांधते ती लाल कड्याच्या पांढऱ्या गोलातली काळी संख्या. पाटीने भागले नाही, की गतिरोधक येतो. मानकाप्रमाणे तो १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ कि.मी. वेगाने त्यावरून सुखरूप जाता येते. हातभर रुंदीचा, उभा उंचवटा मोटारसायकलस्वाराला पाडतो आणि जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेतील बाळंतिणीला हिसका देतो.

मर्यादा मोडल्यास कलम १८३ नुसार हलक्या वाहनांना एक ते दोन हजार, तर मध्यम व जड वाहनांना दोन ते चार हजार रुपये दंड आहे.

मर्यादा मागायची असल्यास आधी रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहावा; रस्ता कोणत्या प्रकारचा, हे त्यावरून कळते. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, नारिंगी ग्रामसडक योजनेतील रस्त्याचा. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. रस्ता ज्या यंत्रणेकडे असेल तिला द्यायच्या अर्जात रस्त्याचे नाव, दगडावरचा किलोमीटर आणि शाळेची किंवा पाड्याची जागा लिहावी, ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी.