नव्या शहरात बोरूची शाळा

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे एक आखीव शहर उभं राहू लागलं. इथे ना पेशवाई वाडे, ना रुमाल बांधलेली दप्तरं. अशा नवी मुंबईत सुलेखनाची शाळा रुजावी आणि तिची मुळं थेट मोडी लिपीत निघावीत, ही गंमतच. 'अच्युत पालव स्कूल ऑफ कॅलिग्राफी' ही ती संस्था. तिची वाटचाल मात्र पाटी लागली त्या दिवसापासून सांगून भागत नाही, 1982 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी शाळेचे संस्थापक अच्युत पालव जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडले. 'उल्का' या जाहिरात संस्थेची अभ्यासवृत्ती मिळाली आणि त्यांनी विषय घेतला मोडीचा. जाहिरातीत पोट भरू पाहणाऱ्या पोराने व्यवहारातून बाद झालेल्या लिपीमागे लागावं, हा चारचौघांच्या लेखी खुळेपणाच. पण पाठीशी र. कृ. जोशी होते, कवी, अक्षररचनाकार आणि पुढे संगणकावरच्या 'मंगल' फाँटचे कर्ते.

मोडीची रीतच न्यारी. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत, एकमेकांत गुंतवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. कारकुनाला वेग हवा होता आणि त्या वेगातूनच वळणं जन्मली. पेशवाईत तर चिटणिसी, बिलवलकरी, महादेवपंती, रानडी अशी घराणी झाली. पालवांनी ही लय देवनागरीत मुरवली आणि तिला नाव दिलं 'मुक्तलिपी'. त्यांच्या काही रचना पहिल्या नजरेत वाचता येत नाहीत, हे खरं. माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला ते खटकतं. पण डोळा थोडा थांबला की रेषेचा डौल कळू लागतो.

मधल्या काळात बरंच पाणी वाहून गेलं. कमल शेडगे यांच्यासारखे कलावंत नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं हाताने घडवत, तो जमाना सरला. फाँट आले, फ्लेक्स आले, रंगाऱ्यांचे डबे सुकले. हाताने अक्षर काढण्याचा धंदा आटत असताना ते शिकवायची शाळा चालवणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं. तरी माणसं शिकायला येत राहिली. त्यांतल्या प्रत्येकाला यावर पोट भरायचं असतं असं नाही. 'कॅलिफेस्ट'सारख्या उत्सवातून त्यांचं काम लोकांसमोरही येऊ लागलं.

या कलेत पहिली झटापट अक्षराशी नसते, बोरूशी असते. वाळल्या काडीला धारदार पात्याने तिरका छेद द्यायचा, आतला भाग खरवडून टोक पातळ करायचं आणि शेवटी काप घ्यायचा. देवनागरीसाठी हा काप रोमन लिपीच्या उलट तिरका लागतो. कोन जरा हलला की काना हडकुळा पडतो आणि वेलांटीला नको तिथे बाळसं येतं. पान बाजूला, दुसरं पान. या कंटाळवाण्या गिरवण्यातच एखादा 'क' अचानक नीट बसतो, आणि त्या आनंदावर पुढची शंभर पानं निघतात. चाळीस वर्षं अक्षरांत मुरलेल्यालाही हे गिरवणं चुकत नाही.

2023 मध्ये जुन्या मोडी कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घेण्याची पाळी आली. सुलेखन शिकून कुणी लगेच जुनी दप्तरं वाचू लागत नाही, ते शास्त्र वेगळं. तरी मोडी म्हणजे अडगळ, ही समजूत तेव्हा पार ढिली झाली. 2025 मध्ये पालवांना पद्मश्री जाहीर झाली.

आता प्रश्न संस्थेचा. एका माणसाच्या नावावर आणि हातावर उभ्या राहिलेल्या शाळेत त्याच्याच वळणाचा कित्ता गिरवला जाण्याची भीती असते. पालव स्वतः र. कृं.च्या तालमीत वाढले, पण त्यांची नक्कल करत बसले नाहीत. या शाळेतून निघालेल्या हातांची अक्षरं पालवांसारखी दिसेनाशी होतील, तेव्हा शाळा खरी पुढच्या इयत्तेत गेली असं मी म्हणेन.