खाशाबा ते कुसाळे : निवड चाचणीच्या दारात उभ्या असलेल्या मुलांचा इतिहास

मांजरीहून केशवनगर-मुंढवामार्गे घोरपडीकडे निघाले की वाटेत लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट लागते. ऑलिंपिक पदके डोळ्यांसमोर ठेवून २००१मध्ये लष्कराने ही संस्था उभारली. येथील बॉईज स्पोर्ट्स कंपनीच्या निवड चाचणीला साधारण ८ ते १४ वर्षांची मुले येतात. हातात जिल्हा स्पर्धेचे प्रमाणपत्र, सोबत वडील किंवा मामा, आणि दोघांच्याही मनात ऑलिंपिक.

कागदावरचा करार मात्र वेगळा असतो. राहणे, जेवण, प्रशिक्षण, दहावीपर्यंतचे शिक्षण आणि वयाची साडेसतरा वर्षे पूर्ण झाल्यावर, निकषांत बसल्यास, सैन्यात भरती. पदकाचे आश्वासन त्यात कोठेही नाही. मनातील अपेक्षा आणि कागदावरील करार यांतील हे अंतर महाराष्ट्रात कसे निर्माण झाले, हे पाहण्यासाठी कोल्हापूरपर्यंत मागे जावे लागते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव टिळक हायस्कूलमधून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले, तेव्हा वार्षिक स्पर्धेतील कुस्तीत त्यांना उतरू देण्यास क्रीडा शिक्षकांनीच नकार दिल्याचे सांगितले जाते. कारण एवढेच की, मुलगा दिसायला किरकोळ होता. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत केले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट नवी होती. तरीही फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळाला. १९५२मध्ये हेलसिंकीचा खर्च उभा राहीना, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या प्रवासातून बँटमवेट गटातील कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५मध्ये, खाशाबांना पोलिस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले. १९८४मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २०००मध्ये जाहीर झाला. त्या काळी खेळाडूला कोणी लेखी काहीच देत नव्हते. एका प्राचार्याची पारख आणि त्याचे घर, हीच काय ती व्यवस्था होती.

व्यवस्था पुढे आली, ती मोजमाप घेऊन. याचे टोकाचे रूप पूर्व जर्मनीत दिसले होते. तेथे १९७३पासून शाळकरी मुलांची सरसकट शारीरिक मोजणी करून खेळाडू वेचले जात. महाराष्ट्राचा मार्ग अर्थातच सौम्य होता. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले आणि त्याच दशकात शासनाची क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. उंची, वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल, ८०० मीटर अशा चाचण्यांतून मूल निवडायचे आणि त्याचा खेळ नंतर ठरवायचा, अशी तिची पद्धत. खर्डेकरांच्या नजरेची जागा फीतपट्टी आणि स्टॉपवॉचने घेतली. ही पद्धत अधिक न्याय्य खरीच. फक्त ‘किरकोळ’ मुलाला आता क्रीडा शिक्षकाऐवजी तक्ता नाकारतो.

दुसरा बदल नोकरीचा. ३० एप्रिल २००५च्या शासन निर्णयाने राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आले. खाशाबांच्या वाट्याला आलेली उपेक्षा पाहता हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्याने खेड्यापाड्यांतील अपेक्षेचा केंद्रबिंदू हलवला. मैदानापेक्षा प्रमाणपत्राला भाव आला. पुढे बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि पडताळणीचे नियम कडक करावे लागले. दहा वर्षे घाम गाळलेल्या मुलालाही मग संशयाच्या रांगेत उभे राहावे लागते, हा त्यातील सर्वांत क्लेशदायक भाग.

अशी ओढाताण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकन महाविद्यालये खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. मात्र १९७३मध्ये तेथील नियम बदलून चार वर्षांची हमी गेली आणि शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने ठरू लागली. घरी आलेल्या पत्रातील हर्ष आणि पत्रातील अटी यांचा मेळ तेथील पालकांनाही घालावा लागला.

काळाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. नेमबाजी त्याच्याकडे नंतर आली. २०१५मध्ये मध्य रेल्वेत नोकरी लागली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक पदक हातातोंडाशी आले असता ७.६ गुणांच्या एका नेमाने तो चौथ्या स्थानी घसरला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळाले, तेव्हा प्रबोधिनीतील प्रवेशाला पंधरा वर्षे झाली होती. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. या मधल्या काळात किती मुले वसतिगृहांत आली आणि सामान बांधून परत गेली, त्यांची नावे कोणत्याही सत्कारपत्रिकेत नाहीत.

फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव त्या परतणाऱ्यांपैकीच एक ठरणार होता. मजुरी करणाऱ्या कुटुंबातील हा मुलगा जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांच्यामुळे प्रथम धावू लागला, मग प्रबोधिनीत पोहोचला आणि धनुर्विद्येकडे वळवला गेला. आधुनिक धनुष्य खेचण्याइतकी ताकद त्याच्या खांद्यांत नव्हती. त्याला घरी पाठवण्याचे घाटत असताना भुजबळ मध्ये पडले आणि एक शेवटची संधी मिळाली. मोजके बाण, ठरावीक गुण. तो उत्तीर्ण झाला. पुढे लष्करात नोकरी, पुण्यात सराव, २०१९च्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य.

जुलै २०२१मध्ये टोकियोत त्याने पहिल्या फेरीत जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या तिरंदाजाला ६-० असे हरवले. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून तो ०-६ असा पराभूत झाला.