कात्री, डिंक आणि संगणक

संगणकावर मजकूर लिहिताना आपण सर्वांत जास्त वेळा कोणती आज्ञा देतो? शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न विचारला, तर बरेच जण 'सेव्ह' असे उत्तर देतील. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'वर्ड २००३' हा कार्यक्रम वापरणाऱ्या आणि तशी संमती देणाऱ्या लोकांच्या वापराची मोजदाद केली होती. तिचे निष्कर्ष २००६ साली जाहीर झाले. त्यात पहिला क्रमांक लागला 'पेस्ट' या आज्ञेचा. एकूण आज्ञांपैकी ११ टक्क्यांहून अधिक आज्ञा एवढ्या एकाच होत्या. त्यामागोमाग सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. या पाच आज्ञा मिळून सुमारे ३२ टक्के वापर झाला. एवढ्या अवाढव्य कार्यक्रमाचे जवळजवळ एक तृतीयांश काम पाच आज्ञांवर चालत होते!

'पेस्ट' म्हणजे चिकटवणे. संगणकात ना कागद असतो, ना डिंक. मग हा शब्द तेथे आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला संगणकाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या वळणावर जावे लागते. यंत्र वापरणाऱ्या सामान्य माणसाच्या मताला यंत्र घडवणाऱ्यांनी प्रथम किंमत दिली, ते हे वळण.

संगणकावर मजकूर लिहिणे ही गोष्ट सुरुवातीला संगणकतज्ज्ञांपुरतीच मर्यादित होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी एक प्रसिद्ध प्रात्यक्षिक करून दाखवले. पडद्यावरचा मजकूर 'माऊस' फिरवून निवडता येतो आणि हलवता येतो, हे जमलेल्या लोकांनी तेव्हा प्रथमच पाहिले. परंतु ती व्यवस्था शिकायला सोपी नव्हती. उजव्या हाताने माऊस चालवायचा आणि डाव्या हाताने पाच पट्ट्यांचा एक वेगळाच कळफलक एकदम दोन-तीन पट्ट्या दाबून वाजवायचा, अशी ती रीत होती. कसलेल्या माणसाचे काम त्यावर वेगाने होई. नवख्याला मात्र तालीम करावी लागे.

पुढची पायरी गाठली गेली ती कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे. झेरॉक्स कंपनीने १९७० साली तेथे एक संशोधन केंद्र सुरू केले. या केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा होता. ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांनी त्यावर अक्षरे आणि चित्रे उमटत. १९७४ साली बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्टोसाठी 'ब्राव्हो' हा लेखनाचा कार्यक्रम लिहिला. छापील पान जसे दिसणार, तसेच ते पडद्यावर दिसावे ही कल्पना ब्राव्होमध्ये साकार झाली.

ब्राव्होत एक अडचण मात्र होती. हा कार्यक्रम दोन अवस्थांत काम करी. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे. दुसऱ्या अवस्थेत तीच कळ म्हणजे आज्ञा असे. आपण कोणत्या अवस्थेत आहोत, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर. समजा, एखाद्याला 'एडिट' हा इंग्रजी शब्द लिहायचा आहे, पण कार्यक्रम आज्ञेच्या अवस्थेत आहे. मग काय होई? 'ई' म्हणजे सगळा मजकूर निवडा. 'डी' म्हणजे निवडलेले पुसून टाका. 'आय' म्हणजे आता नवे लिहायला घ्या. उरलेला 'टी' तेवढा अक्षर म्हणून उमटे. चार कळा दाबल्या, की सगळे प्रकरण जाऊन त्याच्या जागी एकच 'टी' शिल्लक राही!

असे घडले की दोष कोणाचा? यंत्र घडवणारा म्हणे, वापरणाऱ्याने नीट लक्ष दिले नाही. लॅरी टेस्लर या संशोधकाला हे मान्य नव्हते. माणसे पुन्हा पुन्हा एकाच जागी चुकत असतील तर चूक रचनेची आहे, असे त्याचे म्हणणे होते. अवस्थांच्या विरोधात त्याने जन्मभर मोहीम चालवली. त्याच्या मोटारीच्या नंबरपाटीवरही 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत', अशी अक्षरे होती.

त्याच सुमारास झेरॉक्सच्या मालकीची एक प्रकाशन संस्था या कथेत येते. तिचे नाव जिन आणि कंपनी. बोस्टनजवळच्या या संस्थेत शालेय पाठ्यपुस्तके तयार होत. संपादनाचे काम संगणकावर करता येईल का, हे पाहण्यासाठी टिम मॉट या तरुणाला संशोधन केंद्राकडे पाठवण्यात आले. तेथे जे तयार होते, ते संपादकांच्या उपयोगाचे नाही असे त्याचे मत झाले. मग त्याने आणि टेस्लरने मिळून नवा कार्यक्रम लिहायचे ठरवले. मात्र आधी ते संपादकांकडे गेले.

संपादक काय करत होते? मुद्रिते तपासताना एखादा परिच्छेद चुकीच्या जागी आहे असे दिसले, की ते कात्री घेत, परिच्छेद कापत आणि दुसऱ्या कागदावर हव्या त्या जागी चिकटवत. आपल्याकडेही नियतकालिकांच्या कचेऱ्यांत कात्री आणि डिंकाची बाटली ही संपादकाची आयुधेच होती. या माणसांना संगणकाची भाषा येत नव्हती, पण आपले काम त्यांना पक्के ठाऊक होते.

मॉटने एक साधा प्रयोग केला. संपादकाला त्याने कोऱ्या पडद्यासमोर बसवले. शेजारी कळफलक आणि माऊस ठेवला. 'या यंत्राला सगळे काही येते असे धरून चाला. तुम्ही तुमचे काम कसे कराल ते बोलून दाखवा,' असे सांगितले. पडद्यावर काहीच उमटत नव्हते. संपादक हात हलवत, बोट दाखवत सांगत गेले आणि मॉट ते टिपत गेला. टेस्लरनेही केंद्रात नव्यानेच रुजू झालेल्या एका कर्मचारी स्त्रीला असेच विचारले. खुणा केलेले मुद्रित तिच्या हाती देऊन 'या दुरुस्त्या पडद्यावर कशा कराल?' असा प्रश्न त्याने केला. तिने सहज सांगितले, की जेथे शब्द घालायचा तेथे मी बोट दाखवीन आणि लिहीन. आधी अवस्था बदलीन, मग लिहीन, असे तिच्या मनातही आले नाही.

या निरीक्षणांतून १९७५च्या सुमारास 'जिप्सी' हा कार्यक्रम तयार झाला. त्यात दोन अक्षरांच्या मधल्या फटीत खूण ठेवता येई आणि कळ दाबली की तेथे अक्षर उमटे. माऊसचे बटण दाबून ओढत नेले की तेवढा मजकूर निवडला जाई. निवडलेला भाग 'कट' करायचा आणि हव्या त्या जागी 'पेस्ट' करायचा. संपादकांच्या मेजावरची कात्री आणि डिंक अशा रीतीने संगणकात शिरले. नवख्या माणसाला हा कार्यक्रम काही तासांत वापरता येऊ लागला.

आल्टो बाजारात विक्रीला आला नाही. परंतु टेस्लर १९८० साली ॲपल कंपनीत गेला आणि आपल्या कल्पना बरोबर घेऊन गेला. ॲपलचा 'लिसा' संगणक जानेवारी १९८३ मध्ये आणि 'मॅकिन्टॉश' जानेवारी १९८४ मध्ये आला. कट, कॉपी आणि पेस्ट यांसाठी एक्स, सी आणि व्ही या कळा तेथे रूढ झाल्या. पूर्वीची कृती मागे घेण्यासाठी झेड. या चारही कळा कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे एकमेकींशेजारी आहेत, हे आपण आताच पाहू शकतो. पुढे विंडोजनेही त्याच कळा घेतल्या. टेस्लरचे निधन फेब्रुवारी २०२० मध्ये झाले.

याची तुलना १९७८ साली आलेल्या 'वर्डस्टार'शी करून पाहू या. भारतातील कचेऱ्यांत हा कार्यक्रम पुष्कळ वापरला गेला. त्यात परिच्छेद हलवायचा तर कंट्रोल-के-बी दाबून सुरुवात दाखवायची, कंट्रोल-के-के दाबून शेवट दाखवायचा, मग नव्या जागी जाऊन कंट्रोल-के-व्ही दाबायचे. हात बसलेला टंकलेखक हे झरझर करी आणि त्याला माऊस हा अडथळाच वाटे. त्याचेही मत खोटे नव्हते. सरावाच्या माणसाची सोय आणि नवख्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून कळते.

मत जाणून घेण्याऐवजी त्याचा अंदाज बांधला, तर काय होते, याचेही उदाहरण आहे. 'ऑफिस ९७' मध्ये एक बोलकी कागदाची टाचणी पडद्यावर येई. आपण पत्र लिहू लागलो, की ती मदत देऊ करी. नवख्याला मदत व्हावी हा हेतू चांगला होता. परंतु पन्नासावे पत्र लिहिणाऱ्यालाही ती तोच प्रश्न विचारी. लोक वैतागले. २००१ सालच्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवलेली होती आणि २००७ च्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली.

मराठी वापरकर्त्याची तक्रार याहून मूलभूत होती. संगणक अक्षर साठवतो म्हणजे एक अंक साठवतो. सुरुवातीच्या अनेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या अंकांवरच देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. एका फॉन्टातला मराठी परिच्छेद दुसऱ्या फॉन्टात चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. म्हणजे जगभर सर्वाधिक वापरली जाणारी आज्ञा मराठीत भरवशाची नव्हती. यावर उपाय म्हणजे समान मानक. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक आले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये 'क'चा अंक २३२५ आहे, मग फॉन्ट कोणताही असो. २००० साली आलेल्या 'विंडोज २०००' मध्ये 'मंगल' फॉन्टासह देवनागरीची सोय होती. तरीही जुन्या फॉन्टांत अडकलेल्या मजकुराचे रूपांतर करण्याचे काम आजही संपलेले नाही.

या इतिहासातून शाळेसाठी एक उपक्रम सुचतो. एखाद्या विद्यार्थ्याला त्याने न वापरलेल्या कार्यक्रमासमोर बसवावे आणि एक छोटे काम द्यावे. उदाहरणार्थ, दोन परिच्छेदांची अदलाबदल. इतरांनी मदत करू नये, हसू नये. हात कोठे थबकतो, ते वहीत टिपावे. नंतर त्या विद्यार्थ्याने आपले मत तीन वाक्यांत लिहावे : मला काय करायचे होते, मी काय केले, प्रत्यक्षात काय घडले. 'कार्यक्रम वाईट आहे' या वाक्याचा कोणालाच उपयोग नसतो. या तीन वाक्यांवरून मात्र कार्यक्रम लिहिणाऱ्याला दुरुस्ती नेमकी कोठे करायची, ते कळू शकते.

आपल्या शाळांत संगणक शिकवताना कोणती कळ दाबायची, यावर भर असतो. कळ विसरणारा विद्यार्थी आपण कच्चे आहोत असे समजतो. ती कळ कोणीतरी कोणाचे तरी मत ऐकून ठरवलेली आहे आणि ती बदलताही येते, हे त्याला कळणे आम्हाला तितकेच आवश्यक वाटते. जिन कंपनीच्या संपादकांना संगणक येत नव्हता. तरीही आज आपण वापरतो ती आज्ञा त्यांच्या कामाच्या रीतीतून आलेली आहे.