नौका एक, माणसं दोन

रत्नागिरीहून पावसच्या पुढे दक्षिणेला गेलं, की मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड हा लहानसा किल्ला लागतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. इथल्या माणसाला गलबतावरचा सोबती म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. किनारा सुटल्यावर तांडेलाचं आणि खलाशाचं पटो न पटो. तरले तर दोघं, बुडाले तर दोघं.

१९६६ साली अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर असंच एक गलबत निघालं, मात्र अंतराळात. ‘स्टार ट्रेक’ हे त्या मालिकेचं नाव. जीन रॉडनबेरी यांनी कप्तान कर्क घडवताना सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांमधला आरमारी कप्तान हॉर्नब्लोअर डोळ्यांसमोर ठेवला होता. कर्क धाडसी आणि उतावळा. त्याचा सहकारी स्पॉक परग्रहावरचा, अर्धा मानव, तर्काला धरून चालणारा. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ही जोडी आपल्याकडेही अनेकांनी पाहिली.

२००९ साली जे. जे. अब्रॅम्स यांनी ही कथा नव्याने मांडली. इथे सुरुवात होते ती भांडणाने. स्पॉकने तयार केलेल्या परीक्षेत कर्क लबाडी करतो. पुढे स्पॉक त्याला जहाजावरून हाकलून एका बर्फाळ ग्रहावर टाकतो. तिथे कर्कला भेटतो भविष्यातून आलेला म्हातारा स्पॉक. त्याला या मैत्रीचा सारा इतिहास ठाऊक आहे. पण तरुण स्पॉकला तो आधी भेटतच नाही. का? सगळं आयतं सांगितलं असतं, तर या दोघांना एकमेकांची किंमत स्वतःहून कळली नसती. मैत्री वारशाने मिळत नाही. ती प्रत्येकाला नव्याने कमवावी लागते.

आपल्या किनाऱ्याने याची उलट बाजू पाहिली आहे. १७२९ साली कान्होजी आंग्रे गेले. मागे बलाढ्य आरमार राहिलं. विश्वास राहिला नाही. संभाजी आणि मानाजी हे भाऊ आपसांत लढले, आणि १७३५ साली आंग्र्यांची दौलत दोन घरांत वाटली गेली. पुढे तुळाजीचं पेशव्यांशी बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं, आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजं जळाली. मराठ्यांच्या समुद्रावरच्या बळाला बसलेला तो मोठा घाव होता.

पडद्यावरच्या दोस्तांचीही खरी गोष्ट वेगळीच झाली. मूळचे कर्क आणि स्पॉक, म्हणजे विल्यम शॅटनर आणि लिओनार्ड निमॉय, अनेक वर्षांचे जिवलग. पण शेवटच्या काळात त्यांच्यात अबोला आला. २०१५ साली निमॉय गेले, तेव्हा तो अबोला तसाच राहिला होता. पुढच्याच वर्षी शॅटनर यांनी या मित्रावर पुस्तक लिहिलं.

गलबत दुरुस्त करता येतं, नवं बांधताही येतं. मनातला अबोला मात्र वेळीच मोडावा लागतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)