विजयदुर्गाचे ग्रहण: एका आख्यायिकेची कालनिश्चिती

विजयदुर्ग किल्ल्यातील काही चौथरे ‘साहेबाचे ओटे’ ह्या नावाने ओळखले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर ह्या इंग्रज ज्योतिर्विदाने येथूनच हेलियमचा शोध लावला, अशी समजूत रूढ आहे. समकालीन साधनांच्या कसोटीस ती उतरत नाही.

१८६८ च्या ग्रहणासाठी भारतात आला तो फ्रेंच ज्योतिर्विद जान्सन. त्याचा तळ गुंटूर येथे होता. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णरेषा इतक्या तेजस्वी होत्या की, ग्रहण सुटल्यावरही त्या दिसाव्यात, असे त्याने ताडले व दुसऱ्याच दिवशी तसे करून दाखविले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. २० ऑक्टोबर रोजी त्यानेही ग्रहणावाचून त्याच ज्वाला पाहिल्या. दोघांची वृत्ते पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली. ज्वालांच्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे पुढे निश्चित झाले. तिच्या अज्ञात मूलद्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅम्झीने ते पृथ्वीवरील खनिजातून मिळविले.

ज्वाला पाहण्यास ग्रहणाची गरज उरली नाही, तरी प्रभामंडलाच्या वेधासाठी ती होतीच. म्हणूनच लॉकियर १८७१ मध्ये मलबार किनाऱ्यावरील बेकल येथे आला आणि २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी विजयदुर्गास. तेथे ‘मेल्पोमिनी’ ह्या आरमारी जहाजावरील अधिकारी व खलाशी त्याचे साहाय्यक झाले. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रासासाठी एवढी सिद्धता होती. परंतु तेव्हा हेलियम हाती येऊन तीन वर्षे लोटली होती.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचा कॅम्बेल आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी वेध घेतले. नायगमवालांचा वृत्तांत १९०२ साली प्रसिद्ध झाला. एतद्देशीय संशोधकाचे हे कार्य मात्र लोकस्मृतीत फारसे राहिले नाही.

तात्पर्य, लॉकियरचे विजयदुर्गास येणे सत्य आहे; चूक आहे ती तीस वर्षांची. पहिल्या शोधाची कीर्ती आणि नंतरच्या प्रवासाचे स्थळ ह्यांची लोकस्मृतीने सांगड घातली. ही सांगड सोडविल्याने विजयदुर्गाचे महत्त्व उणावत नाही; उलट १८९८ च्या ग्रहणाच्या इतिहासात त्याला जेऊरच्या जोडीने हक्काचे स्थान लाभते.