सराव शिबिरातील राखीव खेळाडूची पारख : सुरतेत काय घडले, हंगामात काय दिसले

मार्च २०२२ च्या आरंभी चेन्नई सुपर किंग्ज हा आयपीएल संघ सराव शिबिरासाठी सुरतेत दाखल झाला. चेन्नईच्या संघाने आपले चेपॉकचे मैदान सोडून दक्षिण गुजरातेत तळ ठोकावा, याचे अनेकांना नवल वाटले. कारण मात्र साधे होते. त्या वर्षी साथीच्या सावटामुळे साखळीतील सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे घेण्याचे ठरले होते. वानखेडे व डी. वाय. पाटील मैदानावर प्रत्येकी २०, तर ब्रेबॉर्न व गहुंजे येथे प्रत्येकी १५. सुरतच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवरील खेळपट्ट्यांची माती मुंबईतील खेळपट्ट्यांच्या मातीशी मिळतीजुळती असल्याने ही जागा निवडण्यात आली. महेंद्रसिंह धोनीच्या दर्शनासाठी रस्त्यावर गर्दी लोटली, छायाचित्रे झळकली आणि बातम्यांचा ओघ तेथेच संपला.

शिबिराचे खरे काम मात्र धोनीपाशी नव्हते. धोनी किंवा रवींद्र जडेजा संघात खेळणार की नाही, हे ठरविण्यासाठी कोणी शिबिर भरवीत नाही. शिबिर भरते ते बाराव्या ते पंचविसाव्या क्रमांकाच्या खेळाडूंसाठी. हंगाम सुरू झाला की या मंडळींना नेटमध्ये गोलंदाजी करण्याखेरीज, पाण्याच्या बाटल्या नेण्याखेरीज फारसे काम उरत नाही. त्यामुळे स्वतःला दाखविण्याची संधी म्हणजे हे दोन-तीन आठवडे. मूळ किमतीत विकल्या गेलेल्या खेळाडूचे पुढचे वर्ष, कधी कधी पुढची सगळी कारकीर्द, त्यांवर अवलंबून असते.

सुरतेत हा प्रश्न विशेष तीव्र होता. १२ फेब्रुवारीला बंगळूरच्या लिलावात चेन्नईने दीपक चहरसाठी १४ कोटी रुपये मोजले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० फेब्रुवारीला, कोलकात्यात वेस्ट इंडीजविरुद्ध खेळताना त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. नव्या चेंडूवर पहिल्या सहा षटकांत बळी मिळवून देणारा गोलंदाज असा अचानक गेला. पुढे पाठीच्या दुखापतीमुळे एप्रिलच्या मध्यास तो संपूर्ण हंगामाला मुकला. त्याची जागा भरून काढू शकतील असे पाच भारतीय वेगवान गोलंदाज संघात होते. कल्याणचा तुषार देशपांडे, महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा डावखुरा मुकेश चौधरी, दिल्लीचा सिमरजीत सिंग आणि केरळचा के. एम. आसिफ हे चौघे प्रत्येकी २० लाखांचे. पाचवा तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, किंमत दीड कोटी. त्याने महिन्याभरापूर्वीच, ५ फेब्रुवारीला, भारतीय संघासोबत १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला होता. पहिल्या चौघांची एकत्रित किंमत ८० लाख, म्हणजे चहरच्या किमतीच्या सतराव्या हिश्श्याहूनही कमी. यांच्यापैकी कोणाच्या हाती नवा चेंडू द्यायचा?

प्रश्न सोपा वाटतो, कारण उत्तर सराव सामन्याच्या धावफलकावर मिळेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात धावफलकाइतकी फसवी वस्तू दुसरी नाही. संघांतर्गत सराव सामन्यात गोलंदाजासमोर आपल्याच संघातला फलंदाज असतो. रोज नेटमध्ये खेळून त्याचा संथ चेंडू कोणता, हे त्याला पाठ झालेले असते. बाद झालेल्या फलंदाजाला प्रशिक्षक कधी कधी पुन्हा खेळवतात, कारण त्याला सराव हवा असतो. एखाद्या षटकात ‘शेवटच्या बारा चेंडूंत तीस धावा हव्यात’ अशी परिस्थिती मांडून खेळ होतो, तर दुसऱ्या षटकात कोणतेच दडपण नसते. त्यातच प्रस्थापित खेळाडू बेतानेच खेळतात, कारण त्यांना दुखापत टाळून हंगामापर्यंत पोचायचे असते. राखीव खेळाडू मात्र जीव तोडून खेळतो. अर्ध्या वेगाने खेळणाऱ्या नामवंताला पूर्ण वेगाने खेळणाऱ्या नवख्याने बाद केले, तर त्यातून नेमके काय सिद्ध झाले हे सांगणे अवघड आहे.

शिवाय नमुना किती तोकडा असतो हेही पाहावे. सराव सामन्यात गोलंदाजाच्या वाट्याला दोन षटके आली तर ते बारा चेंडू. त्यांतला एक बॅटची कड घेऊन चौकार गेला आणि एक सीमारेषेवर झेलला गेला, की आकडे पार बदलतात. सुरतच्या याच मैदानाने त्याचे एक उदाहरण आधीच दाखविले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १५ वर्षांची शफाली वर्मा येथे पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना खेळली आणि शून्यावर बाद झाली. याच मालिकेत, याच मैदानावर तिने १ ऑक्टोबरला ३३ चेंडूंत ४६ धावा काढल्या. पहिल्या डावावरून निकाल देणाऱ्याची फजिती व्हायला आठवडाभर पुरला.

मग पाहायचे काय? पुन्हा पुन्हा घडू शकते ते. यॉर्कर टाकायचा ठरवला तर दहापैकी किती चेंडू जागेवर पडतात. षटकार बसल्यानंतरच्या चेंडूवर टप्पा हरवतो की टिकतो. दमल्यावर पाय रेषेपुढे जातो का. यातली एकही गोष्ट धावफलकावर नीट उमटत नाही, पण ती उद्याच्या सामन्यातही तशीच राहण्याची शक्यता असते. बळी मिळणे हे निम्मे फलंदाजाच्या हातात असते. टप्पा गोलंदाजाच्या हातात असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि प्रेक्षक तीच बहुधा विसरतात. राखीव खेळाडूची परीक्षा ‘हा किती चांगला’ अशी होत नाही, ‘कोणाच्या जागी चांगला’ अशी होते. सुरतेत रिकामी होती ती चहरची जागा. म्हणजे नवा चेंडू हवेत वळवून सलामीच्या फलंदाजाला चाचपडायला लावणारी. देशपांडेचे बळ खेळपट्टीवर चेंडू आदळण्यात, हंगरगेकरचे वेगात आणि तळाच्या फटकेबाजीत. चौधरीचा डाव्या हाताने टाकलेला नवा चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत वळतो. निव्वळ गुणवत्तेची प्रतवारी लावली तर कदाचित क्रम वेगळा लागला असता. जागेची प्रतवारी लावली की चौधरी आपोआप वर सरकतो.

हंगामाने काय दाखविले ते पाहू. २६ मार्चला वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध पहिल्या सामन्यात देशपांडेला संधी मिळाली. त्याने ३ षटकांत ३७ धावा दिल्या आणि बळी मिळाला नाही. त्याच सामन्यात न्यूझीलंडचा ॲडम मिल्नही जायबंदी झाला. ३१ मार्चला ब्रेबॉर्नवर लखनऊविरुद्ध देशपांडे आणि चौधरी दोघेही खेळले. देशपांडेने ४ षटकांत ४० धावांत एक बळी घेतला. पदार्पण करणाऱ्या चौधरीने साडेतीन षटकांत ३९ धावा दिल्या, बळी एकही नाही. आकडे पाहिले तर देशपांडे सरस. तरीही पुढच्या सामन्यातून वगळला गेला तो देशपांडे, आणि चौधरी कायम राहिला. तिसऱ्या सामन्यात पंजाबने चौधरीला ४ षटकांत ५२ धावा चोपल्या. त्यानंतरही त्याला काढले नाही.

चिकाटीचे फळ २१ एप्रिलला डी. वाय. पाटील मैदानावर मिळाले. मुंबई इंडियन्सविरुद्ध पहिल्याच षटकात त्याने रोहित शर्मा आणि ईशान किशन या दोघांना शून्यावर परत पाठविले. १९ धावांत ३ बळी आणि सामनावीराचा मान. १३ सामन्यांत १६ बळींसह त्याचा हंगाम संपला. आसिफ आणि हंगरगेकर यांना संपूर्ण हंगामात एकही सामना मिळाला नाही. फिरकीत मुंबईचा प्रशांत सोळंकी एक कोटी वीस लाखांना घेतलेला होता; तो अखेरच्या दोन सामन्यांत दिसला, तेव्हा संघ स्पर्धेबाहेर गेलेला होता. चेन्नई चौदापैकी चार सामने जिंकून नवव्या स्थानी राहिली. शिबिर उत्तम आणि हंगाम वाईट, असे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

चौधरीला टिकवणे हा दूरदृष्टीचा निर्णय होता की दुसरा पर्याय नसल्याची अपरिहार्यता? माझ्या मते दोन्ही. चहर आणि मिल्न धडधाकट असते तर चौधरीचे ते वाईट सामने त्याच्या आयपीएलचा शेवटही ठरले असते. राखीव खेळाडूचे नशीब पुष्कळदा दुसऱ्याच्या स्नायूंवर अवलंबून असते, हे कटू असले तरी खरे आहे.

अमेरिकी फुटबॉलमध्ये ही पारख जाहीरपणे, तिकीट लावून होते. तेथील एनएफएलच्या संघांच्या शिबिरात ९० खेळाडू असतात आणि हंगामापूर्वी ही संख्या ५३ वर आणावी लागते. त्यासाठी २०२१ पासून साधारण तीन हंगामपूर्व सामने खेळवले जातात. प्रमुख खेळाडू त्यांत थोडाच वेळ उतरतात. उरलेला वेळ नोकरी वाचविण्याची धडपड करणाऱ्यांचा. सर्वांत गाजलेला किस्सा २८ ऑगस्ट १९९९ चा. सेंट लुईस रॅम्सचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन हंगामपूर्व सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन हंगामाबाहेर गेला आणि कर्ट वॉर्नर हा राखीव खेळाडू पुढे आला. हा गृहस्थ काही वर्षांपूर्वी किराणा मालाच्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावीत होता. त्या हंगामात त्याने ४१ टचडाऊन पास दिले, लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला आणि ३० जानेवारी २००० रोजी टेनेसी टायटन्सला २३-१६ असे नमवून सुपर बोल जिंकला. ग्रीन जायबंदी झाला नसता तर हे सारे बाकावरच राहिले असते.

आपल्या गोव्यातील फुटबॉलप्रेमींना हे चित्र अनोळखी वाटू नये. आयएसएल क्लबांसाठी ड्युरँड चषक पुष्कळदा हंगामपूर्व चाचणीसारखाच असतो. २०१९ मध्ये तर अनेक क्लबांनी तेथे राखीव संघच पाठविले होते. २०२१ मध्ये एफसी गोवाने हा चषक जिंकला. ३ ऑक्टोबरला कोलकात्यात अतिरिक्त वेळेत एदू बेदियाच्या फ्री किकने मोहम्मेडन स्पोर्टिंगवर १-० अशी मात झाली आणि राज्यभर आनंद साजरा झाला. पाठोपाठ आलेल्या आयएसएल हंगामात हाच संघ नववा आला. प्रशिक्षक हुआन फेरांदो डिसेंबरातच संघ सोडून गेले होते. चाचणी म्हणून स्पर्धा खेळावी, पण तिच्या निकालावरून पुढचे भाकीत करू नये. करंडक मिळाला असला तरीही.

गोमंतकीयांच्या दृष्टीने २०२२ च्या त्या हंगामात आणखी एक नोंद आहे. गोव्याचा सुयश प्रभुदेसाई २०२१ मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळूरच्या ताफ्यात होता, पण पूर्ण हंगाम त्याने बाकावर काढला. १२ एप्रिल २०२२ रोजी त्याला पदार्पणाची संधी मिळाली, ती याच चेन्नईविरुद्ध, डी. वाय. पाटील मैदानावर. आधी चपळ क्षेत्ररक्षणाने त्याने मोईन अलीला धावबाद करण्यात मोलाचा वाटा उचलला आणि मग २१७ धावांचा पाठलाग कोसळत असताना १८ चेंडूंत ३४ धावा केल्या. संघ २३ धावांनी हरला. क्षेत्ररक्षणाचा उल्लेख मुद्दाम केला. राखीव खेळाडूच्या अंगी असलेला हा एक गुण असा आहे की त्यासाठी फलंदाजीचा क्रम लागत नाही, कर्णधाराने चेंडू हाती द्यावा लागत नाही. प्रशिक्षकांच्या डोळ्यांत तो सराव सामन्यातही भरतो.

सुरतच्या शिबिरात आलेल्या त्या पाच गोलंदाजांचे पुढचे वर्ष मात्र कोणी वर्तवले नसते. २०२३ मध्ये चौधरी दुखापतीमुळे खेळू शकला नाही. ज्या देशपांडेला दोन सामन्यांनंतर बाजूला केले होते, तो ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेत अंबाती रायुडूच्या जागी उतरून आयपीएलचा पहिला ‘इम्पॅक्ट’ खेळाडू ठरला. त्या सामन्यात त्याला भरपूर मार पडला, नंतर अंतिम सामन्यातही ४ षटकांत ५६ धावा गेल्या. पण दरम्यान त्याने २१ बळी घेतले होते, विजेत्या चेन्नईकडून सर्वाधिक. जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेत तो भारताकडूनही खेळला. आणि अहमदाबादच्या त्याच सामन्यात, सुरतच्या शिबिरानंतर वर्षभर वाट पाहिलेल्या हंगरगेकरने पदार्पणात ३६ धावांत ३ बळी टिपले. त्या हंगामात त्याला त्यानंतर आणखी एकच सामना मिळाला.